केळीची गाडी भरायचा गेम दोन मिनिटांत बंद का होतो?

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सरळ होईल. तुम्ही आणि तुमच्या मित्राने रावेर भागातल्या केळीवर मोबाइल गेम केलाय. बागेतले घड कापायचे, गाडी भरायची, बाजाराला पाठवायची. सोबत पाणी, खत, मजूर, हवामान, दुकान, नाणी. सुरुवातीला नऊ पानांचं ट्युटोरियल. कॉलेजातले बहुतेक मित्र दोन मिनिटांत बंद करतात. एकजण मात्र रोज खेळतो, आणि आता फार सोपा वाटतो म्हणतो. म्हणून तुम्हाला पेच पडलाय की सोपा करावा की अवघड, आणि प्ले स्टोअरवर टाकण्याआधी लेव्हल किती हव्यात. तुम्ही दिलेली फाइल मी फोनवर घालून खेळलो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तुमच्याच गेमबद्दल आहे.

सोपा की अवघड, हा इथला खरा प्रश्न नाही. गेममध्ये अवघडपणा दोन ठिकाणी असतो. एक समजण्यात: काय करायचं, कुठे दाबायचं, आत्ता जे झालं ते का झालं. दुसरा ठरवण्यात: दोन वाटा स्वच्छ दिसतायत, दोन्हींत थोडा फायदा, थोडा तोटा, मग धरायची कोणती. पहिल्या अवघडपणाला वैतागून माणूस गेम बंद करतो. दुसऱ्यासाठी तो ताटातलं गार होऊ देतो. तुमच्या गेममध्ये पहिला भरपूर आहे आणि दुसरा फार थोडा. तुमच्या त्या मित्राला पहिला पार करता आला, कारण बहुधा तुम्हीच शेजारी बसून समजावलं असेल. पार केल्यावर पुढे ठरवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्याला सोपा वाटतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. गेम कोणासाठी आहे? सावद्याच्या घरातला आठवीतला मुलगा, त्याची आजी, की केळीची बाग कधीच न पाहिलेला बंगळुरूचा मुलगा? खेळणारा एसटीची वाट बघत पाच मिनिटं खेळणार की रात्री अंथरुणात तासभर? फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे की जाहिरातींतून पैसे काढायचेत? यातलं काहीही बदललं तर माझा सल्ला थोडा बदलेल. मी असं धरतो की साधा अँड्रॉइड फोन, मराठी वाचणारा माणूस, एका बैठकीत पाच-दहा मिनिटं, आणि समजावून सांगायला शेजारी कोणी नाही.

तुमच्या गेमचा जीव कुठे आहे ते मला ट्युटोरियलच्या सातव्या पानावर सापडलं. तिथे तुम्ही लिहिलंय की दूरच्या बाजारासाठी घड कमी भरलेला कापा आणि जवळच्यासाठी पूर्ण भरू द्या. केळी पिकवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दिल्लीच्या गाडीत पूर्ण भरलेला घड टाकला तर वाटेतच पिकायला लागतो, आणि जळगावच्या बाजाराला पाऊणच भरलेला घड दिला तर वजन कमी मिळतं. म्हणजे थांबलं तर वजन वाढतं आणि थांबलं तरच धोकाही वाढतो. अशी ओढाताण सापडावी म्हणून डिझायनर महिनोन्महिने कागद भरतात. तुमच्याकडे ती घरच्या शेतातून आयती आली आहे आणि ती पाणी-खत-दुकानाच्या मागे पडली आहे. बाकी सगळं बाजूला ठेवा. खेळणाऱ्याची कृती एकच: घड कापणे. त्याचा निर्णय एकच: आत्ता की थोडं थांबून. एवढ्यावर गेम उभा राहत नसेल तर खताने राहणार नाही. राहत असेल तर खताची गरज नाही.

आता नऊ पानांचं काय करायचं? काढून टाका. तुम्ही मेहनतीने लिहिलंय आणि चित्रंही चांगली आहेत, हे मला दिसतंय, तरी काढा. माणूस गेम उघडतो तो बोट चालवायला, वाचायला नाही. ही गोष्ट व्हिडिओ गेम जन्मले तेव्हापासून लोकांना दिसत आली आहे. १९७१ साली आलेला ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाण्यावर चालणारा गेम अनेकांना समजायला जड गेला. पुढच्याच वर्षी अटारीच्या ‘पाँग’ने एक गोल बटण फिरवायला दिलं आणि एका ओळीत सांगितलं की जास्त गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. त्या ओळीत कृती आहे, हेतू आहे, आणि हरणं कशाला म्हणायचं तेही आहे. तुमची पहिली ओळ अशी हवी. ‘घड भरला की कापा, गाडी निघायच्या आत’ एवढ्याने काम होईल.

एक ओळसुद्धा न लिहिता शिकवण्याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ती मांडली. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. कुठे जायचं ते सांगावंच लागत नाही. काही पावलांवर पहिला शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरतो, पण सुरुवातीलाच असल्यामुळे गमावतो ते फक्त काही सेकंद. मग ठोकळ्यातून अळंबी बाहेर पडते. नवख्याला तीही शत्रूच वाटू शकते, म्हणून ती समोरच्या पाइपवर आपटून मारिओकडेच परत येते. चुकवणं कठीण, आणि लागल्यावर मारिओ मोठा होतो. पुढे पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीच्या मध्ये खाली जमीन आहे, दुसरीच्या मध्ये खड्डा. उडी तीच, पण पहिल्यांदा चुकली तर काही बिघडत नाही. आधी बिनधोक सराव, मग तीच गोष्ट धोक्यासकट. हा क्रम मी माझ्या प्रत्येक गेममध्ये पाळतो आणि तुम्हीही पाळावा असं मनापासून वाटतं.

तुमच्या बागेत तो असा बसेल. पहिल्या लेव्हलमध्ये एकच झाड, एकच घड, एकच गाडी, आणि तीही जवळच्या बाजाराची. पडद्यावर दुसरं काही दाबण्यासारखं नकोच. घड हळूहळू भरतोय. माणूस बोट लावणारच, कारण दुसरं काही नाही. लवकर कापला तर गाडीचा काटा थोडा हलतो, भरल्यावर कापला तर जोरात हलतो. थांबण्यात फायदा आहे हे त्याला वजनाने कळलं. दुसऱ्या लेव्हलला तीच बाग, पण गाडी दिल्लीची. तो मघाचंच शहाणपण वापरून पूर्ण भरलेला घड टाकेल. गाडी निघते, रस्ता सरकतो, घड पिवळा पडतो, काळा पडतो, दिल्लीचा व्यापारी मान हलवतो. लगेच पुन्हा तीच गाडी, तोच घड. या वेळी तो लवकर कापेल, आणि सातव्या पानावरचा सगळा मजकूर त्याने स्वतः शोधून काढलेला असेल. स्वतः शोधलेलं लक्षात राहतं, आणि शोधण्याचा आनंद हाच तुमच्या पहिल्या पाच मिनिटांचा खरा आनंद असणार आहे.

नवी गोष्ट एका वेळी एकच द्यायची. जॉर्ज फॅन यांचा ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’ हा गेम २००९ चा. त्याच्या पहिल्या लेव्हलला हिरवळीची एकच पट्टी आणि एकच प्रकारचं रोप असतं. सूर्यफूल पुढच्या लेव्हलला येतं, पट्ट्याही नंतर वाढतात. पडद्यावर एका वेळी आठपेक्षा जास्त शब्द नकोत, असा फॅन यांचा नियम आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपल्याला पाच-सहा शब्दांत भागवता येतं. तुमच्या तिसऱ्या पानावर एकाच चौकटीत एकाखाली एक अशा ओळी रचल्यात. त्या कोणी वाचल्या नसतील.

यापुढचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमचे खेळाडू नेमके इथे गळतायत. हरल्यावर माणसाला कारण कळलं पाहिजे. सध्या तुमची गाडी भरली की लगेच ‘माल खराब, गुण ०’ अशी लाल पाटी येते. कोणता घड खराब? कापायला उशीर झाला, की पाणी कमी पडलं, की मजूर कमी होते? पाच कारणं शक्य असतील तर खेळणारा एकही धरत नाही; गेमच लबाड आहे असं म्हणून बंद करतो. कारण आणि परिणाम एकाच नजरेत दिसू द्या: जो घड पिकला तोच डोळ्यांसमोर पिवळा पडताना दाखवा. हरल्यावर तोंडातून ‘अरे, मी थोडं आधी कापायला हवं होतं’ निघालं तर तो पुन्हा खेळणार. ‘हे काय झालं?’ निघालं तर नाही. बोटाला मिळणाऱ्या उत्तराचंही तसंच. टॅप केल्यापासून साधारण एक दशांश सेकंदाच्या आत पडद्यावर काहीतरी हललं किंवा वाजलं, तर ते आपण केलं असं वाटतं. तुमच्या कोयत्याचं ॲनिमेशन आधी सावकाश पूर्ण होतं आणि घड नंतर पडतो. घड आधी पडू द्या, कोयत्याची शोभा मागून.

दिसण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. घड किती भरला हे तुम्ही फक्त हिरव्या रंगाच्या छटांनी दाखवलंय. आपल्याकडच्या मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर फोन उघडून बघा, त्या छटा दिसणार नाहीत. हिरवा-लाल नीट वेगळे न दिसणारे पुरुषही काही कमी नसतात. बागेत शेतकरी नुसता रंग बघत नाही. कोवळ्या केळाला कंगोरे असतात; ते भरत गेलं की कंगोरे बुजून गोलाई येते. तेच काढा: टोकदार केळ, मग थोडं गोल, मग गरगरीत. शेतातली खूण आहे, उन्हातही दिसते आणि शिकवावी लागत नाही.

बोटांशीही उदार राहा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर लांब-रुंद ठेवायला सांगतात. तुमचं कापायचं चिन्ह त्याच्या निम्म्याने आहे आणि नाण्यांच्या बटणाला खेटून आहे. गाडी सुटल्यावर अगदी क्षणभर उशिरा पडलेला टॅपही धरा. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या उड्यांच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत, म्हणजे क्षणाच्या छोट्याशा अंशापर्यंत, उडी मारता येते. खेळणाऱ्याला ही सवलत दिसत नाही, गेम आपलं ऐकतो एवढंच जाणवतं. तो गेम अवघड म्हणून नावाजलेला आहे आणि तरी इतका दयाळू आहे, हे ध्यानात घ्या.

इथपर्यंतचं सगळं समजण्यातला अवघडपणा कमी करण्यासाठी. आता तुमच्या त्या रोज खेळणाऱ्या मित्राकडे येऊ.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघरी पत्त्यांचे डाव बसतात. त्यातला बदाम सात आठवा. बदामाची सत्ती ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, मग सत्तीच्या खाली-वर पानं लागत जातात किंवा नवी सत्ती उघडते, हात आधी रिकामा होईल तो जिंकला. सहा वर्षांचं पोर एका डावात शिकतं. तरी मोठी माणसं दुपारभर खेळतात, ते का? चालणारं पान हातात असेल तर टाकावंच लागतं, पण दोन पानं चालत असतील तर कोणतं टाकायचं हे तुमच्यावर. किलवरची अठ्ठी दाबून ठेवली तर पलीकडच्या काकांची नश्शी-दश्शी अडकते. पण ती दाबायची तर दुसरं काहीतरी उघडून द्यावं लागतं, आणि त्याने कोणाचं फावेल ते मोजावं लागतं. नियम वाढले नाहीत, बटणं वाढली नाहीत. त्याच नियमांची एकमेकांशी गाठ पडली की प्रश्न नवे होतात. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत केलेल्या ‘टेट्रिस’मध्येही वरून पडणारे सात आकार आहेत आणि ते सरकवणं-फिरवणं, बास. लांब दांड्यासाठी खाच मोकळी ठेवायची की आत्ताच बुजवायची, या एका लालसेवर तो इतकी वर्षं चाललाय.

तुमच्याकडे हे करायला नवं काही आणावं लागणार नाही. एकाच वेळी दोन गाड्या उभ्या करा, एक जळगावची, एक दिल्लीची, आणि बागेत घड मोजकेच. हा घड आत्ता दिल्लीला दिला तर ती गाडी भरते, पण जळगावची अर्धी राहते; थांबलो तर तो दिल्लीच्या कामाचा राहणार नाही. मग एखाद्या लेव्हलला ऊन वाढवा, म्हणजे वाटेत माल लवकर पिकेल आणि मघापर्यंत बरोबर असलेला अंदाज बदलावा लागेल. हवामान इथे कामाला आलं; सध्या ते फक्त ढगाचं चित्र आहे. खत, मजूर आणि दुकान मात्र या आवृत्तीतून काढाच. प्रत्येक गोष्टीला विचारा, हिने खेळणाऱ्याच्या ‘आत्ता की थांबून’ या निर्णयात काय फरक पडतो? पडत नसेल तर ती ओझं आहे.

अवघडपणाची चढण सरळ रेषेत नेऊ नका. दोन-तीन लेव्हल ताण वाढवा, मग एक अशी द्या जिच्यात आधी घाम फोडणारी गोष्ट आता सहज जमते. आपण तयार झालो हे माणसाला तिथे कळतं. आणि फक्त वेळ कमी करत जाणं हा अवघड करण्याचा सगळ्यात आळशी मार्ग आहे. त्याने विचार कमी होतो आणि बोटं दुखतात.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ‘फसल’, ‘इन्व्हेंटरी’, ‘हार्वेस्ट करा’ असे शब्द दिसले. तुमच्याकडे घड, फणी, बाग, गाडी हे शब्द घरचे आहेत, तेच ठेवा. दुकानदाराच्या तोंडी अहिराणी दिलीत ते मला फार आवडलं. पात्रांच्या बोलण्यात ती जरूर असू द्या. सूचना मात्र सोलापूरच्या माणसालाही कळेल अशा मराठीत हव्यात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी वाचून येत नाही. गेम न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. खरोखर गप्प. ‘तिथे दाब ना भाऊ’ असं एकदा म्हटलंत की ती चाचणी वाया गेली, कारण प्ले स्टोअरवर तुम्ही शेजारी नसणार. बोट कुठे थांबतं, कोणतं चित्र बटण समजून दाबलं जातं, हरल्यावर डोळे कुठे जातात, ते वहीत लिहा. खेळणाऱ्या काकू ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) म्हणाल्या, तर तुम्ही जे दाखवलंय ते ओळखू येत नाही. ‘आते काय करू?’ (आता काय करू?) म्हणाल्या, तर ओळखलं पण हेतू कळला नाही. दोन्हींची दुरुस्ती वेगळी: पहिल्यात चित्र बदला, दुसऱ्यात ध्येय ठळक करा. गेम कसा वाटला असं विचारू नका, आपली माणसं चांगलाच म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘काय केल्यावर हरलात?’ उत्तर बरोबर आलं तर तुमचा गेम शिकवतोय. आणि एक माणूस एकदाच नवखा असतो, म्हणून सगळ्या मित्रांना एकाच दिवशी बोलावू नका. तिघांना दाखवा, दुरुस्त करा, मग पुढचे तिघे.

रोज लॉगिन केल्यावर नाणी आणि दर लेव्हलनंतर जाहिरात असं तुम्ही लावलंय. सध्या दोन्ही बंद ठेवा. लोक नाण्यांसाठी परत येतायत की गेमसाठी, हे नाहीतर तुम्हाला कळणारच नाही. शिवाय माणसाच्या सवयीला गळ लावणं आणि त्याला खेळात रमवणं यात मला मोठा फरक वाटतो. तुमच्यासारख्या नव्या मुलांनी दुसरं शिकावं अशी माझी फार इच्छा आहे.

गेम बनवायचं गोदोट हे सॉफ्टवेअर सोडून युनिटी या दुसऱ्यावर जायचं का, याचं उत्तर छोटं: नाही. या गेमला गोदोट पुरेसं आहे आणि तुमचे हात त्यावर बसलेत.

राहिला लेव्हलचा प्रश्न. तुमच्या आताच्या चाळीस लेव्हलमधल्या बऱ्याच एकसारख्या आहेत, फक्त आकडे बदललेत. पंधरा ठेवा, पण प्रत्येकीत एक नवा पेच हवा. त्यांच्या शेवटी एक न संपणारी बाग द्या, जिथे गाड्या येत राहतात आणि स्कोअर मित्राला पाठवता येतो. तुमचा तो रोज खेळणारा मित्र तिथे रमेल. कामाचा क्रम मात्र उलटा धरा: आधी दोन गाड्यांची ती एकच लेव्हल, साध्या चौकोनांनी, चित्रं न काढता. ती तुम्हाला दोघांना पुन्हा पुन्हा खेळावीशी वाटली की मग पहिल्या दोन शिकवणाऱ्या लेव्हल बांधा. तेवढ्या तीन झाल्या की फाइल मला परत पाठवा, मी जळगावात ज्यांना केळीतलं आणि गेममधलं दोन्ही कळत नाही अशा माणसांच्या हातात देतो आणि त्यांची बोटं कुठे अडतात ते तुम्हाला लिहून कळवतो.